शर्यत सुटलेल्या कुत्रीचे घर

बैलांची शर्यत आपल्या मंडळींना नवी नाही. पुणे-साताऱ्याकडे घाट, विदर्भात शंकरपट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात ती उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण कुत्र्यांची शर्यत म्हटले की आपल्याकडचा माणूस हसतो. कुत्रे धावायचे ते सशामागे, नाहीतर रात्री चोरामागे. त्याला मैदान कशाला, तिकीट कशाला आणि झूल तरी कशाला?

इंग्लंडात मात्र हा शंभर वर्षांचा रीतसर धंदा आहे. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसाने खऱ्या सशाऐवजी विजेवर पळणारा खोटा ससा तयार केला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियात त्यामागे कुत्री सोडली. तीच युक्ती इंग्लंडात पोचली आणि २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. प्रेक्षक होते १,७००. मिस्टली नावाचा कुत्रा ४४० यार्ड सुमारे २५ सेकंदांत पळाला आणि जिंकला. त्यानंतर गिरणी कामगारांची जी झुंबड उडाली ती तीस-चाळीस वर्षे हटली नाही. घोड्यांची शर्यत साहेब लोकांची आणि तीही भर दुपारी. कुत्र्यांची शर्यत रात्री, दिव्यांच्या उजेडात, काम सुटल्यावर, घराजवळ. खिशात चार पैसे असले की पैज लावता येई. सारा जीव त्या पैजेत. आयर्लंडातल्या एका पाद्र्याने वाढवलेला मिक द मिलर हा कुत्रा १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिथली सर्वांत मोठी शर्यत जिंकला. तो मेल्यावर त्याचे कातडे भरून ठेवले. इंग्लंडातल्या ट्रिंग गावच्या संग्रहालयात तो आजही काचेआड उभा आहे. कुत्र्याला याहून मोठा मान माणसाने दिल्याचे ऐकिवात नाही.

या कुत्र्याची जात ग्रेहाऊंड. आपल्या सोलापूर, लातूर, सांगली भागात ज्यांनी कारवानी कुत्रे पाहिले आहे त्यांना निराळे वर्णन नको. तोच लांबट चेहरा, तीच खोल छाती, पोट आत गेलेले, शेपूट वेताच्या काठीसारखी. ग्रेहाऊंड त्याहून अंगाने भरलेला, मांड्या पहिलवानाच्या. वजन पंचवीस ते चाळीस किलो, आणि वेग ताशी ६५ किलोमीटरच्या घरात. मोटारसायकल जोरात हाकली तरच बरोबरीने जाईल.

तिकडे एका शर्यतीत सहा कुत्री सुटतात. प्रत्येकाच्या अंगावर रंगाची झूल: पहिल्याची लाल, मग निळी, पांढरी, काळी, नारिंगी आणि सहाव्याची काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. मैदान लंबगोल, बहुतेक शर्यती पाचशे मीटरच्या आतबाहेर. तीस सेकंदांत खेळ खलास. आपली गाडी घाटात सुटते तेव्हा निदान धुरळा खाली बसेपर्यंत बोलायला विषय असतो. इथे माणूस खिशातले तिकीट काढतो तोवर निकाल लागलेला असतो.

आता हिशेब पाहा, शेतकऱ्याच्या डोक्याने. पंधरा महिन्यांचे झाले की कुत्रे शर्यतीला लागते. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याचा पाय मंदावतो किंवा दुखावतो. आणि या जातीचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे. म्हणजे कमाईची वर्षे दोन-तीन आणि पुढे खाण्याची वर्षे आठ. दूध नाही, औत नाही, शेण नाही. मग या आठ वर्षांचे काय?

अनेक वर्षे त्याचे उत्तर कोणी मोठ्याने दिले नाही. २००६ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील सीहॅम गावी एका वर्तमानपत्राने उत्तर शोधून काढले. तिथला एक इमारतीच्या सामानाचा व्यापारी दर कुत्र्यामागे थोडे पौंड घेऊन मालकांनी आणलेली ग्रेहाऊंड कुत्री मारत असे आणि आपल्या जमिनीत पुरत असे. पंधरा वर्षांत दहा हजारांच्या घरात, असे त्या वर्तमानपत्राने छापले. आयर्लंडात तर कुत्र्याची पैदास हा शेतकऱ्याचाच जोडधंदा. गाईंच्या गोठ्याशेजारी दोन कुत्र्या ठेवायच्या, पिले वाढवायची आणि पळणारी इंग्लंडला विकायची. इंग्लंडच्या मैदानावर पळणारी बहुतेक कुत्री आयर्लंडात जन्मलेली असतात. २०१९ साली तिथल्या दूरचित्रवाणीने एक अहवाल लोकांपुढे ठेवला. शर्यतीच्या सरकारी मंडळानेच तो करवून घेतला होता. वेग कमी पडतो म्हणून वर्षाला सुमारे सहा हजार कुत्री मारली जातात, असा अंदाज त्यात होता. आपल्याकडे भाकड जनावराचा प्रश्न आहे, तो काही फक्त आपलाच नाही.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. निवृत्त कुत्र्यांना घर मिळवून देण्यासाठी इंग्लंडात १९७५ साली एक न्यास निघाला. आज त्याला ग्रेहाऊंड ट्रस्ट म्हणतात. अशा लहानमोठ्या संस्था आता गावोगाव आहेत. २०२० साली शर्यतीच्या मंडळाने नियम केला की कुत्र्याची नोंदणी करतानाच ४०० पौंड बाजूला ठेवायचे, निम्मे मालकाचे, निम्मे मंडळाचे. कुत्रे निवृत्त झाले की ही रक्कम घर शोधून देणाऱ्या संस्थेकडे जाते. बैल विकत घेतानाच त्याच्या म्हातारपणाची वैरण बाजूला काढावी, तसाच हा प्रकार.

काजळ घरी येते

आमची मुलगी आणि जावई मँचेस्टरजवळ राहतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मी आणि सौभाग्यवती चार महिन्यांसाठी तिकडे गेलो, त्याच सुमारास त्यांनी अशी एक कुत्री दत्तक घेतली. विकत नव्हे, दत्तकच. शब्द तिकडचाच आहे आणि कागदपत्रेही तशीच. संस्थेची एक बाई आधी घर पाहून गेली. कुंपण किती उंच? पाच फुटांच्या खाली चालणार नाही. फाटकाला कडी आहे का? घरी दिवसा कोण असते? मूल केवढे? ससा, मांजर, कोंबडी? मुलीच्या लग्नाच्या वेळी मी जावयाकडे एवढी चौकशी केली नव्हती, असे सौभाग्यवती म्हणाल्या.

करारात एक कलम मला फार आवडले. कुत्री नकोशी झाली तर कोणाला द्यायची नाही, विकायची नाही, सोडायची तर मुळीच नाही. संस्थेकडेच परत आणायची, मग दहा दिवसांनी असो की दहा वर्षांनी.

कुत्री काळी कुळकुळीत, चार वर्षांची. तिकडेही काळ्या कुत्र्याला गिऱ्हाईक कमी. सगळ्यांना पांढरे, नाहीतर बदामी हवे असते. मी बाजारात बैल पाहतो तशी तिला पाहिली. दातांवर किटण चढलेले होते ते संस्थेने नुकतेच काढून घेतले होते. मऊ कालवलेले खाणे खाऊन या कुत्र्यांचे दात लवकर बिघडतात. मांडीला केस गेलेले. कानाच्या आत इंग्रजी अक्षरे गोंदलेली. हा तिचा जन्मदाखला. अमेरिकेत तर उजव्या कानात जन्माचा महिना आणि वर्ष, आणि पिलांत ती कितवी हेसुद्धा गोंदतात. उजव्या मागच्या पायाचा सांधा जाड लागला. ही दुखापत नेमकी उजव्याच पायाला का होते, याला कारण आहे. सगळ्या शर्यती डाव्या हाताला वळत पळायच्या. वळणावर बाहेरच्या पायावर, म्हणजे उजव्यावर भार येतो आणि तिथले बारीक हाड पिचते. घाण्याचा बैल एकाच अंगाने झिजतो, तसेच.

कानातल्या अक्षरांवरून तिच्या शर्यतींचा सगळा इतिहास मुलीला सापडला. कुठल्या तारखेला, कितव्या झुलीत, कितवा नंबर. जिंकलेल्या शर्यती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. शेवटच्या ओळीत पहिल्या वळणावर पडल्याची नोंद होती, त्यापुढे काही नव्हते. कागदावरचे नाव लांबलचक, साहेबी थाटाचे होते. नातीने पहिल्याच दिवशी तिचे नाव काजळ ठेवले आणि ते चिकटले.

ज्याने घर पाहिलेच नाही

या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय बाकीचे कळत नाही. ती म्हातारी नसतात, पण घराच्या बाबतीत तान्ही असतात. जन्म शेतावर, मग कुत्र्यांच्या कोठडीत. बाहेर काढायचे ते ठरल्या वेळी, खायला ठरल्या वेळी, गाडीतून मैदानावर आणि परत. जिना, आरसा, काचेचे दार, कपडे धुण्याचे यंत्र, कुकरची शिट्टी यांतले तिने काहीच पाहिलेले नसते. काजळ मोटारीत शहाण्यासारखी बसून आली, कारण मोटार तिच्या सवयीची. पण स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवताच चारही पाय चार दिशांना. दोन दिवस ती उंबऱ्यातून आत यायला तयार नव्हती. शेवटी जुन्या सतरंज्यांची वाट अंथरली, तेव्हा बाईसाहेब आल्या.

मागच्या अंगणात उघडणारे दार काचेचे. संस्थेने आधीच सांगून ठेवले होते की काचेवर डोळ्यांच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा. हिला काच म्हणजे काय हे माहीत नाही, आणि तीन ढांगांत एवढा वेग घेणारे जनावर काचेवर आदळले तर मान मोडायची. अंगणातही पहिले दोन दिवस पट्टा धरून कुंपणाकडेने फिरवले, हद्द कळावी म्हणून. नवा बैल आणला की आपण त्याला बांध दाखवतो, त्यातलेच हे. पट्टाही निराळा असतो. या कुत्र्याची मान डोक्याहून जाड, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की डोक्यावरून निसटतो. म्हणून मधे रुंद आणि ओढले की थोडा आवळणारा पट्टा वापरतात.

जिन्याची हकिकत तर आमच्या घरात कायमची झाली. माणसे झोपायला वरच्या मजल्यावर, कुत्री खाली. रात्रभर तिचे कण्हणे. भुंकत नाही ही जात फारशी, कण्हते. जन्मापासून आजूबाजूला दुसरी कुत्री असायची, एकटे झोपणे तिला ठाऊकच नाही. मग जिना शिकवायचे ठरले. मुलगी पुढे, जावई मागून पोटाखाली हात घालून, आणि एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचा. चौथ्या दिवशी ती वर गेली. वर गेली ती खाली उतरेना. वरच्या पायरीवर उभी राहून तासभर खाली पाहत राहिली, विहिरीच्या काठावर शेळी उभी राहावी तशी. शेवटी तीस किलोंचे ते धूड जावईबापूंनी उचलून खाली आणले. असे पाच-सहा दिवस चालले.

एकटे राहण्याचा धडा आणखी कडक. घरात कायम कोणी असले आणि मग एक दिवस सगळे गेले की ही कुत्री घाबरून दार कुरतडतात. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच तिला थोडे थोडे एकटे ठेवायचे. आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. आता आम्ही दोघे म्हातारे दिवसभर घरात. तेव्हा मुलगी आम्हाला सकाळ-दुपार छत्री देऊन घराबाहेर काढू लागली. मँचेस्टरच्या पावसात कुत्रीच्या शिक्षणासाठी कोपऱ्यापर्यंत जाऊन उभे राहायचे आणि घड्याळ पाहून परत यायचे. शेजारच्या गोऱ्या बाईला वाटले, घरात भांडण झाले असावे.

दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ

ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण अशा वेळीच पुष्कळ कुत्री परत जातात.

काजळ तिच्या गादीवर झोपली होती. डोळे अर्धे उघडे. या जातीची कुत्री पुष्कळदा उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यामुळे जागी आहे असेच वाटते. सात वर्षांची नात शाळेतून आली, दप्तर टाकले आणि लाडाने तिच्या गळ्यात पडली. त्याबरोबर एक गुरगुराट, आणि दात हवेत कट्कन वाजले. लागले नाही. पण पोर किंचाळली, कुत्री कोपऱ्यात जाऊन थरथर कापू लागली, आणि घरात एकदम सामसूम झाली.

जावई शांत माणूस. एवढेच म्हणाला, "उद्या फोन करून परत देऊ. लेकराच्या जिवाशी खेळ नको." मुलगी काही बोलली नाही, पण जेवलीही नाही. बापाचे म्हणणे चूक नव्हते. दातांची कुत्री आणि सात वर्षांचे मूल एका घरात, यात धोका नाही असे कोण म्हणेल? आणि परत गेलेल्या कुत्रीच्या कागदावर 'गुरगुरते' असा शेरा पडला की दुसरे घर मिळायला किती दिवस लागतील, हेही सगळ्यांना कळत होते.

रात्री सौभाग्यवती भांडी पुसता पुसता बोलल्या, "जावईबापू, गोठ्यात झोपलेल्या बैलाला कुणी मागून जाऊन मिठी मारतं का? आधी हाक मारतात, मग हात लावतात. तुमच्या सासऱ्यांना आमच्या सर्ज्यानं एकदा भिंतीला दाबलं होतं, झोपेतच. म्हणून काय सर्ज्या विकला?"

सकाळी फोन झालाच. संस्थेच्या बाईनेही जवळजवळ तेच सांगितले. कोठडीत असताना झोपेत या कुत्रीला कधी कोणी हात लावलेला नाही. तिला चावायचे नव्हते, ती दचकली. तिची गादी ही तिची जागा, तिथे मुलाने जायचे नाही. तिला बोलवायचे असेल तर लांबून हाक, ती उठून आली तरच हात. मूल आणि कुत्री दोघांनाच खोलीत सोडायचे नाही. तीन आठवडे हे काटेकोर पाळा आणि मग ठरवा. नंतरही नको वाटले तर आम्ही न्यायला येऊ, एक शब्द बोलणार नाही.

जावयाने तीन आठवडे कबूल केले, मनातून नव्हे. गादी जिन्याखालच्या कोपऱ्यात हलवली. नातीने जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवली, तिच्यापलीकडे तिने पाऊल टाकायचे नाही. रोज शाळेतून आली की पट्टीच्या अलीकडे बसून "काजळ" अशी हाक मारायची. पहिले आठ-दहा दिवस कुत्री नुसती शेपूट हलवायची. मग एक दिवस उठली, आळस दिला, पट्टी ओलांडून आली आणि पोरीच्या खांद्याला सगळे अंग टेकवून उभी राहिली. ही त्यांची माया करण्याची रीत. चाटत नाहीत, उड्या मारत नाहीत, आपला भार आपल्यावर टाकतात. तीन आठवड्यांची मुदत संपली त्या दिवशी कोणी विषय काढला नाही. जावयाने तर नाहीच.

खाणेपिणे, दुखणेबाणे

लोकांना वाटते, एवढे पळणारे जनावर, याला रोज चार मैल पळवावे लागत असेल. उलट आहे. दिवसात दोनदा वीस-तीस मिनिटांची चाल, बाकी वेळ झोप. पाठीवर पडून, चारही पाय वर करून, मेल्यासारखी. हे कुत्रे एका दमात पळणारे, दिवसभर राबणारे नव्हे. बसणेही त्यांना नीट जमत नाही. मांड्या इतक्या भरलेल्या की टेकायच्या आत उभे राहावेसे वाटते.

अंगावर चरबी नाही आणि केस आखूड, त्यामुळे थंडी सोसत नाही. तिकडच्या हिवाळ्यात बाहेर नेताना झूल घालावीच लागते. कातडी पातळ कागदासारखी. काटेरी तारेला किंवा बोराटीला नुसती घासली तरी टराटरा फाटते. कोपराला, ढुंगणाला हाडे टोचतात म्हणून जाड गादी लागते. फरशीवर झोपले की घट्टे आणि जखमा. काहींच्या तळपायाला कुरूप होते आणि कुत्रे डांबरी रस्त्यावर लंगडते, मातीत मात्र नीट चालते. लंगडण्याचे कारण पुष्कळदा हे असते. पण म्हातारपणी याच जातीत हाडाचा कर्करोग इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून लंगडणे टिकले तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय राहू नये.

गुरांच्या डॉक्टरांना उपयोगी अशी दोन वाक्ये. या जातीच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त असते, त्यामुळे नेहमीच्या कोष्टकाने पाहिले तर धडधाकट कुत्रे आजारी ठरते. आणि थायोपेंटोन जातीचे भुलीचे औषध त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाही, ते टाळावे. त्या दाट रक्ताचा एक फायदा आहे. बऱ्याच ग्रेहाऊंडचे रक्त इतर जातींच्या कुत्र्यांना चालते, म्हणून तिकडे रक्तदाते म्हणून त्यांना मोठी मागणी.

खाण्यात सौभाग्यवतींची एक सवय मुलीने बंद केली. पोह्यांची उरलेली बशी खाली ठेवायची नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, तसेच द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट. द्राक्षे-बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होतात. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांनी हे जरूर लक्षात ठेवावे. बागेतले राखणीचे कुत्रे खाली पडलेले मणी खाते, शेडवरचा बेदाणा खाते, आणि दोन दिवसांनी लघवी बंद झाली की कोणी विषप्रयोग केला म्हणून शेजाऱ्याशी तंटा सुरू होतो.

राहिले मांजर. संस्था प्रत्येक कुत्र्याला मांजरासमोर नेऊन पाहते आणि कागदावर लिहून देते. काहींना मांजर चालते, काहींना कधीच नाही. काजळ दुसऱ्या प्रकारची. शेजारणीचे मांजर भिंतीवर दिसले की तिचे कान ताठ, अंग धनुष्यासारखे. म्हणून बाहेर नेताना तोंडाला जाळीचे मुसके आणि पट्टा हातात पक्का. मुसके पाहून रस्त्यावरची माणसे बाजूला होतात, हिला चावरी समजतात. पाभरीच्या, कोळप्याच्या बैलाला आपण मुसके बांधतो ते तो चावतो म्हणून नव्हे, पीक खाऊ नये म्हणून. हे मी एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याला खुणेने समजावून सांगितले, तर त्याला लगेच पटले.

मैदाने बंद पडतात तेव्हा

या धंद्याचे दिवस आता भरत आले आहेत असे दिसते. लंडनचे व्हाइट सिटी १९८४ साली, वॉल्थमस्टो २००८ साली, विम्बल्डन २०१७ साली आणि जिथे पहिली शर्यत झाली ते बेल व्ह्यू २०२० साली बंद पडले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ साली मतपेटीतून शर्यत संपवली आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला शेवटचे कुत्रे पळाले. न्यूझीलंड सरकारने २०२४ च्या डिसेंबरात बंदी जाहीर केली ती २०२६ च्या जुलैअखेरची मुदत देऊन. वेल्समध्ये एकच मैदान उरले होते, तिथल्या सरकारनेही २०२५ साली बंदीचा निर्णय सांगितला.

पण मैदानाला कुलूप लावले की दावणीची जनावरे हवेत विरत नाहीत. गोव्याप्रमाणे एके काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या मकाऊत हे २०१८ साली दिसले. तिथले कुत्र्यांचे मैदान जुलैत बंद झाले तेव्हा आत पाचशेहून अधिक ग्रेहाऊंड शिल्लक होती. कंपनी निघून गेली. स्थानिक प्राणिमित्रांनी आणि सरकारने मिळून त्यांना सांभाळले, आणि एकेकाला विमानाने घर असलेल्या देशांत पाठवले. न्यूझीलंडने मुदत लांब दिली तीही याच कारणाने, हजारो कुत्र्यांना घरे शोधायला वेळ हवा. बंदीची मागणी करणाऱ्यांनी आणि शर्यतीचे समर्थन करणाऱ्यांनी, दोघांनीही आधी हा आकडा मांडावा असे माझे मत आहे. आपल्याकडे २०१४ ते २०२१ या काळात शर्यतीचे खोंड किती कवडीमोलाने गेले, हे ज्यांच्या दावणीला होते त्यांना विचारा.

हे वाचून कोणाला ग्रेहाऊंड पाळायची हौस आली, तर एक सांगतो. इकडचे ऊन, गोचीड आणि फरशी पाहता ती हौस कुत्र्याला महागात पडेल. आपल्याकडे त्याच बांध्याचे, इथल्याच उन्हात रुळलेले कारवानी कुत्रे आहे. कृष्णाघटप्रभेच्या पट्ट्यात त्यालाच मुधोळी म्हणतात, कारण मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास नावारूपाला आणली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाऊंडचे तिकीट काढले, २०१६ साली सैन्याने मेरठला या जातीला शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्रही आहे. मात्र सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या हेतूने कुत्रे पाळू नये. शिकारीच्या नादाने आणलेली आणि मग एस.टी. स्टँडवर सोडून दिलेली कारवानी कुत्री मी आमच्या तालुक्याच्या गावी पाहिली आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्यांना घर दिले तर जिना सोडून वरचे सगळे धडे तसेच्या तसे लागू पडतात: हाक मारून हात लावा, निजायला पोते का होईना पण मऊ द्या, कांदा घालू नका, आणि पहिले पंधरा दिवस कोंबड्यांपासून लांब ठेवा.

काजळ आता सहा वर्षांपुढची आहे. जिना ती दोन दोन पायऱ्या टाकत उतरते. रंगीत पट्टी नातीने अजून काढू दिलेली नाही, पण गादी रिकामीच असते. मुलगी परवा फोनवर सांगत होती की बाईसाहेब संध्याकाळी सोफ्यावर आडव्या पसरतात, आणि जावईबापू खाली सतरंजीवर बसून टीव्ही पाहतात. "बाबा, त्यांना म्हटलं उठवा तिला. तर म्हणतात, झोपेतून कसं उठवू?"